अंकुशमामांचा गोरिला

"बाहेर पडायची दुसरी वाट कुठाय?" कुठल्याही नव्या जागी गेलं की अंकुशमामांचा हा पहिला प्रश्न. नमस्कार नंतर, पाणी नंतर, आधी वाट. वरवंडला एका लग्नात मी त्यांना मांडववाल्याशी भांडताना पाहिलंय. बाजूची कनात सोडून ठेव म्हणून हट्ट. तो म्हणत होता, "मामा, कुत्री येत्यात आत." तर हे म्हणाले, "येऊ द्या की. कुत्र्यानं माणूस तुडीवल्याचं ऐकलंय का कवा?" शेवटी स्वतःच गाठ सोडली, आणि जेवले तेही त्या उघड्या कनातीजवळ, ताट हातात धरून, उभ्यानं. नवरदेवाकडची माणसं आमच्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दौंडात मामांचं फॅन्सी ड्रेस भाड्यानं द्यायचं दुकान होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. स्नेहसंमेलनाचं लोढणं पहिल्या वर्षापासून माझ्याच गळ्यात, कारण बाकीच्यांना 'बाई, तुम्हाला छान जमतं' म्हणायचं छान जमतं. त्यामुळे डिसेंबर आला की माझी आणि मामांची गाठ ठरलेली. परवाच्या डिसेंबरात मी तीस पोरांची मापं घेऊन गेले, तर शटर बंद. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "मामा वारलं की बाई. उन्हाळ्यातच. शिरूरला, लेकीकडं." मी त्याच्यावरच उखडले. "मग कुणी सांगायचं नाही होय?" तो बिचारा हातातला पाना घेऊन नुसता उभा. त्याचा काय दोष? माझं हे असंच होतं, वाईट वाटलं की आधी राग येतो.

मामा अंगानं आडवे, काळेभोर, खांदे रुंद, आणि पायाला भिंगरी. दुकानात पाच मिनिटं एका जागी उभे राहायचे नाहीत. बोलता बोलता परी, वाघ, टोमॅटो, मावळा असे ड्रेस या खुंटीवरून त्या खुंटीवर. पोराला नुसतं बघून माप सांगायचे: "ह्याला बत्तीस. ह्याची आई तीस सांगंल, ऐकू नका." दाराच्या तोंडाशी कुणी पिशवी ठेवली, चप्पल काढली, की पायानं बाजूला सारायचे. मी एकदा सायकल लावली तर ती उचलून पलीकडच्या गटाराजवळ नेऊन ठेवली. मी बोलले. त्यांनी डाव्या कानावर हात ठेवून "ह्या कानानं ऐकू येत न्हाई" म्हणून सांगितलं. मी उजवीकडे जाऊन पुन्हा बोलले, तर हसले, पण सायकल काही परत आणली नाही.

आणि सगळ्यात आतल्या खुंटीवर, जुन्या धोतरात गुंडाळलेला, गोरिला.

तो भाड्यानं मिळायचा नाही असं नाही, पण घेणाऱ्याची आधी उलटतपासणी व्हायची. काय करणार? कुणाला भिववणार का? भिववणार असाल तर अस्वल न्या. आता गोरिला मागायला येणारा माणूस दुसरं काय करायला मागणार? वरवंडचा एक शेतकरी मक्यातली रानडुकरं हुसकवायला मागायला आला, त्यालाही मामांनी अस्वलच दिलं. तो म्हणाला, "मामा, डुकराला काय फरक पडतोय?" तर हे म्हणाले, "डुकराला न्हाई पडत. मला पडतो."

ड्रेस मामांनी स्वतः शिवलेला. बाजारात मिळतो त्या गोरिलाला लाल डोळे, बाहेर आलेले सुळे, लोंबणारी जीभ असते. मामांच्या गोरिलाला यातलं काहीच नाही. तोंड मिटलेलं, कपाळ पुढं आलेलं, आणि डोळे तपकिरी, जरा दमलेले. दर वर्षी ते त्या तोंडावर काही ना काही करत बसायचे. कधी नाक उसवून पुन्हा शिव, कधी पापणी बदल. मोबाइलवर खऱ्या गोरिलांचे व्हिडिओ बघायचे आणि गिऱ्हाइकांनाही दाखवायचे. मलाही दाखवला. जंगलात एक भलाथोरला गोरिला बसलाय आणि पाला खातोय. मी म्हटलं, "पुढं काय होतं?" मामा म्हणाले, "कायबी न्हाई. अर्धा घंटा खातोच हाय. किती बेस हाय बघा!" मला तीस पोरांचे पंख बघायचे होते. मी अक्षरशः दात-ओठ खात होते.

"बाई, सगळ्यांनी मिळून ह्याची बदनामी केलीय," ते म्हणायचे. "सिनेमात बघा, पोस्टरवर बघा, ह्याच्या हातात बाई दिलेलीच. उचलली बाई की चालला. आरं, त्याला बाईचं काय करायचंय? त्याच्या घरी त्याच्या चार-चार बायका हायत, पोरं हायत. तो कशाला कुणाची पळवंल?"

"आणि छाती बडवतो ते?"

"ते सांगायला बडवतो, की लांबूनच जा, मला भांडायचं न्हाई. तुम्ही वर्गात टेबलावर पट्टी आपटता ती मारायला आपटता का?"

 कधी कधी मी ती मारायलाही आपटते, पण ते सांगायची गरज नव्हती.

मध्यंतरी दौंडात जिमचं पीक आलं. प्रत्येक जिमच्या भिंतीवर गोरिला. दंडाच्या बेटकुळ्या, दातात साखळी, डोळ्यांतून जाळ. पोरांच्या टी-शर्टवर तोच, टेम्पोच्या मागं तोच. एका नव्या जिमच्या भिंतीवर पेंटर तसला गोरिला रंगवत होता, तर मामा रस्त्यातच थांबले. त्यांच्या हातात माझ्या शाळेच्या ड्रेसचं गाठोडं, आणि मागं मी.

"हे काय काढलंय? डंबेल मारतोय व्हय हा?"

जिमचा मालक बाहेर आला. तरणाबांड पोरगा, मान म्हणजे खांब. म्हणाला, "मामा, पॉवर दिसली पाहिजे ना."

"पॉवर हाय की त्याच्यात. पर तो सकाळी उठतो, पाला खातो, आडवा होतो, परत पाला खातो. तुझ्या जिमला यायचाच न्हाई तो. आन् हे सुळे बंद कर त्याचे. लोक भितील, पळतील."

"पळू द्या की मामा, तोबी व्यायामच आहे."

पोरगं गमतीत म्हणालं. पण मामांचा चेहरा असा उतरला की ते पोरगंही ओशाळलं. मामा ताडताड चालत सुटले, माझं गाठोडं घेऊन, माझ्या शाळेच्या उलट्या दिशेला. मी मागून हाका मारत धावतेय, आणि आमच्या तिसरीतली दोन पोरं पानटपरीजवळून ही मजा बघतायत.

तेव्हा मला माहीत नव्हतं की या माणसाचं आयुष्य पळणाऱ्या माणसांवरच चाललेलं होतं.

हे कळलं ते आमच्या भांडणामुळं. त्या वर्षी चौथीच्या नाटुकल्याची संहिता मीच लिहिली होती. राजकन्या बागेत खेळतेय, गोरिला येतो, तिला खांद्यावर टाकून पळवतो, शूर राजपुत्र येऊन गोरिलाला मारतो, टाळ्या. हेडमास्तर खूश होते. मी गोरिला मागायला गेले. मामांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"न्हाई जमायचं बाई."

"अहो, पोरांचं नाटक आहे. दहा मिनिटांचं. त्यात कसला एवढा विचार?"

"अस्वल न्या."

"अस्वलाचं काय करू? पत्रिकेत गोरिला छापलाय! इतकी वर्षं मी तुमच्याकडंच येते मामा, शिरूरचा ड्रेसवाला घरपोच देतो म्हणतो तरी मी..." आणि असं बरंच काही. माझी जीभ एकदा सुटली की मलाच थांबवता येत नाही. मामा ऐकून घेत या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत फेऱ्या मारत राहिले, आणि मग सरळ रस्त्यावर निघून गेले. मी दुकानात एकटी, हातात माझं साहित्य.

आतून शोभामामी आल्या, मामांच्या पत्नी. दुकानामागंच त्यांचं घर. बारीक चणीच्या, कपाळावर आडवं गोंदण. म्हणाल्या, "आत या बाई. च्या घ्या. ते आता स्टेशनापर्यंत जाऊन येत्यात." आणि स्टोव्हवर आधण ठेवून त्यांनी सांगितलं ते असं.

जत्रेत पूर्वी एक तंबू यायचा. 'मुलीचा गोरिला.' अजूनही कुठंकुठं येतो. आत एक पिंजरा, पिंजऱ्यात एक मुलगी उभी. निवेदक सांगतो, हिला शाप आहे. लोकांच्या डोळ्यांदेखत मुलीचं तोंड काळं पडत जातं, केस फुटतात, आणि तिच्या जागी गोरिला उभा. मग पिंजऱ्याचं दार धाडकन उघडतं, गोरिला अंगावर येतो आणि तंबू किंचाळत बाहेर. वीस वर्षं त्यातली मुलगी शोभामामी आणि गोरिला अंकुशमामा.

"कसं करायचात?" मी चहा विसरून विचारलं.

"काच असायची वो. माझ्याम्होरं तिरकी. बाजूला काळ्या खोक्यात हे. माझ्यावरचा दिवा बारीक करायचा, ह्यांच्यावरचा मोठा. मग काचंत मी दिसायची बंद, आन् त्याच जागी हे दिसायचे. दोघांनी एका मापात उभं ऱ्हायाचं, श्वाससुद्धा एका मापात. मला मान हलवायची झाली तर ह्यांना कळायचं."

तंबूच्या मालकाचं गणित वेगळं होतं. लोकांनी पळायला हवं, कारण पळत ओरडत बाहेर आलेली माणसं बघूनच तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग वाढायची. म्हणून बाहेर पडायला एकच अरुंद फट ठेवलेली, बरोबर खिडकीसमोर. खेळ संपला की मालक आत यायचा आणि पडलेल्या चपला बघायचा. चपलांचा ढीग मोठा तर खेळ चांगला. "आज सात पोती चपला!" म्हणून एकदा त्यानं मामांना टॉवेल-टोपी दिली होती.

मग शिरूर तालुक्यातल्या एका गावची जत्रा. रविवार, तंबू खच्चून भरलेला. दार उघडलं, मामा आले, माणसं फुटली. आणि त्या फटीच्या तोंडाशी एक चार-पाच वर्षांची पोरगी खाली पडली. मामांना पिंजऱ्याच्या दारातून दिसली. ते उडी मारून गर्दीत घुसले, पोरीला खालून उपसलं आणि दोन्ही हातांनी उराशी धरून बाहेर निघाले.

"बाहेरच्यांनी काय बघितलं बाई? गोरिला, आन् त्याच्या हातात पोरगी. जन्मभर पोस्टरवर तेच बघितल्यालं. कुणी काठी घेतली, कुणी तंबूची मेख उपसली. हे आतनं ओरडतायत, 'आरं, माणूस हाय, माणूस हाय', पर मुखवट्यातनं नुसतं हूं हूं. डोकं काढावं तर दोन्ही हातात पोरगी. पोरीला खाली ठेवावं तर पाय पडणार तिच्यावर. ठेवली न्हाई. मार खात उभे ऱ्हायले."

मामी त्या माणसांना ओरबाडत, चावत आत घुसल्या आणि त्यांनीच ते डोकं ओढून काढलं. तेव्हा हात थांबले. तोवर डावा कान गेला होता. कुणीतरी पोरगी मामांच्या हातातून काढून घेऊन निघून गेलं. तिचा हात लोंबत होता, एवढंच मामांना दिसलं. त्यानंतर किती वर्षं मामा त्या गावाच्या जत्रेला जाऊन विचारायचे. कुणालाच काही आठवायचं नाही.

"मी म्हणते, जाळा ते कातडं. तर म्हणत्यात, त्याचा काय दोष हाय? एकदाच लोकांम्होरं पोरगी उचलून उभं ऱ्हायाचं, आन् कुणी पळायला नको, कुणी दगड उचलायला नको. मग सोडतो म्हणत्यात. आता ह्या वयात कोण बोलवणार ह्यांना?" मामींनी चहा गाळला. "मला तर त्यांचं भ्याव वाटतं. चालत चालतच एक दिवस जातील."

मी माझी संहिता चार तुकडे करून स्टोव्हजवळ ठेवली. रागानं नाही, लाजेनं. मामा परतले तेव्हा म्हटलं, "मामा, राजकन्या, राजपुत्र काही नको. सात मिनिटं तुमची. तुम्हाला पाहिजे ते करा. पोरगी मी देते."

मामा दारातच उभे राहिले. "नाटकात मारामारी?"

"नाही."

"दिवे?"

"सगळे चालू. लख्ख."

"आन् हॉलचं मागलं दार?"

त्या दाराला दहा वर्षं कुलूप होतं आणि किल्ली हरवलेली. दुसऱ्या दिवशी मामा किल्लीवाल्याला घेऊन शाळेत हजर. हेडमास्तर म्हणाले, "याला वरून परवानगी लागेल." मी म्हटलं, "सर, वरून म्हणजे कुठून? छपरातून?" त्यानंतर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, पण दार उघडलं.

हेडमास्तरांनी एक हुशारी केली. मामांचा कार्यक्रम सगळ्यात शेवटी टाकला, बक्षीस समारंभाच्याही नंतर. गोरिला बघायच्या आशेनं पालक थांबतील, पाहुण्यांच्या भाषणाला गर्दी दिसेल. माइकवरून दर दहा मिनिटांनी, "शेवटी येत आहे भयंकर गोरिला!" मामा पडद्यामागं हे ऐकत होते आणि घोषणेगणिक त्यांच्या फेऱ्या वाढत होत्या. घामानं निथळत होते. मी पाणी दिलं, घेतलं नाही. "बाई, भयंकर म्हणू नका म्हणावं. पळतील लोक. म्होरं बारकी पोरं बसलीत." मी चिठ्ठी पाठवली. माइकवरून आलं, "महाभयंकर!"

मी शिपाई सुनीताताईंची नात पूर्वा दिली होती, पहिलीतली. तिला गोरिलाची भीती नव्हती, तिला एवढंच विचारायचं होतं की आत उकडतं का. मामांनी तिला उचललं, परत खाली ठेवलं, परत उचललं. मला वाटलं, आताच थांबवावं. सुनीताताईंनी पडदा ओढला.

मामा तिला उराशी घेऊन चालत मध्यभागी आले आणि थांबले. हॉलमध्ये एक किंकाळी उठली. पुढच्या रांगेतली दोन-तीन पोरं आईच्या पदराकडं सरकली. एक आजोबा अर्धवट उठले.  मामा हलले नाहीत. मग हळूच खाली बसले, पूर्वाला मांडीवर घेतलं, आणि शेजारी ठेवलेलं उसाचं वाढं उचलून एक एक पान ओढून तोंडाशी नेऊ लागले.

आजोबा परत बसले.

एक मिनिट गेलं. मागून शिट्टी आली, "ए, उडी मार की!" मामांनी दुसरं पान ओढलं. "छाती बडव!" तिसरं पान. कुणी हसलं, मग तेही थांबलं. लोकांनी मोबाइल काढले, थोडं चित्रण केलं आणि परत खिशात ठेवले, कारण चित्रणात काही घडत नव्हतं. कुरकुंभच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारे उठले. त्यांच्या मागं बायका उठल्या, पिशव्या, डबे, स्वेटर गोळा करत. "चल गं, भेळ संपायची." मागच्या दारानं, पुढच्या दारानं, गप्पा मारत, एकमेकांना 'तुम्ही आधी व्हा' म्हणत सगळे निघाले. हेडमास्तर मला पडदा टाका म्हणून हातवारे करत होते. मी दुसरीकडं बघितलं. शेवटी तेही गेले.

पूर्वानं मामांच्या हातावरचे केस थोडा वेळ विंचरले. मग म्हणाली, "मी जाऊ भेळ खायला?" मामांनी तिला दोन्ही हातांनी उचलून अलगद खाली ठेवलं. ती फ्रॉक झटकत आजीकडं गेली आणि दोघी बाहेर पडल्या.

मी स्टेजवर गेले. मला रडू येत होतं आणि हेडमास्तरांचा संतापही. "मामा, उतरवा आता डोकं. सगळे गेले हो."

आतून आवाज आला, "पळालं का कुणी?"

"नाही. कंटाळून गेले. मला माफ करा मामा, मी तरी जरा..."

"कंटाळून?"

"हो."

"पोरगी?"

"भेळ खातेय."

ते अवजड खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. "कंटाळलं म्हणता!" पुन्हा, "कंटाळलं माणसं!" लग्न ठरल्याची बातमी सांगावी तसे ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मामी सुरुवातीपासून समोरच बसल्या होत्या; त्यांना हाक मारायला मी वळले. मामांनी केसाळ पंजा वर केला. "हळू बोला बाई."

त्यानंतर मामांना मी पाहिलं नाही. पंधरा दिवसांत दुकान आवरून दोघं शिरूरला गेली, हेही मला पुढच्या डिसेंबरात त्या सायकलवाल्याकडूनच कळलं. मला दिसतं ते एवढंच: लख्ख उजेडातला रिकामा हॉल, पहिल्या रांगेत शोभामामी, मांडीवर पिशवी, मान एका बाजूला कललेली. समोर दहा हातांवर गोरिला बसलाय, आणि मामी चक्क घोरतायत.